द्वारपाल कोणता ठेवावा?

घरात गडी ठेवावयाचा झाला तर आपण त्याचे गाव विचारतो, आधी कोणाकडे होता ते विचारतो, आणि पहिले आठ दिवस कपाटाच्या किल्ल्या जवळच बाळगतो. मुलीला स्थळ पाहताना तर पत्रिकेपासून पगारापर्यंत काही सोडीत नाही. परंतु ज्याच्या हाती आपण बँकेचा परवलीचा शब्द देतो, निवृत्तिवेतनाचे कागद देतो, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज देतो, आणि डॉक्टरांपाशीही काढावयास संकोच वाटेल अशा दुखण्याची विचारपूस ज्याच्यामार्फत करतो, त्या ब्राउझरची चौकशी मात्र कोणी करीत नाही. यंत्र विकत घेतले, त्याच्याबरोबर तो आला आणि राहिला. बहुतेक घरांत त्याच्या नेमणुकीचा इतिहास एवढाच!

मी मराठीचा प्राध्यापक. यंत्रशास्त्र हा माझा प्रांत नव्हे. परंतु जुन्या पोथ्यांचे पाठभेद ताडून पाहण्याची ज्याला सवय, त्याला एकाच कामाची चार साधने समोर आली की ती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्यावाचून चैन पडत नाही. गेली काही वर्षे मी तो उद्योग ब्राउझरांच्या बाबतीत केला. त्यातून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम नावाविषयी. मराठीत ब्राउझरला काहींनी ‘न्याहाळक’ असा शब्द योजिला आहे. शब्द कानाला गोड आहे, पण अर्थाला थोडा तोकडा पडतो. हे साधन नुसते न्याहाळीत नाही. आपण पत्ता सांगावा, याने दूरदेशीच्या संगणकाकडे जावे, तेथून मजकूर व चित्रे आणावी, आणि त्याबरोबर आलेल्या आज्ञावली आपल्या यंत्रावर चालवाव्या, असे याचे काम आहे. ज्याला आपण कधी पाहिले नाही अशा माणसाने लिहिलेल्या आज्ञा, दिवसातून शेकडो वेळा, आपल्या घरात! याला द्वारपालच म्हटले पाहिजे. आणि द्वारपाल डुलक्या घेऊ लागला म्हणजे काय होते हे सांगावयास इतिहास फार दूर शोधावा लागत नाही.

सिंहासनावरची झोप

जगातला पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनी १९९० साली जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधनसंस्थेत लिहिला. १९९३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात ‘मोझॅक’ निघाला आणि मजकुराच्या ओळींत चित्रे दिसू लागल्याने सामान्य माणसाचे लक्ष तिकडे गेले. त्याच मंडळींपैकी काहींनी १९९४ साली ‘नेटस्केप’ आणला. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने ‘इंटरनेट एक्स्प्लोरर’ आणला, तो विंडोजबरोबर फुकट वाटला, आणि पाचसहा वर्षांत नेटस्केपचे राज्य बुडाले. त्या सुमारास जगातील दहांपैकी नऊ माणसे एक्स्प्लोररच वापरीत.

पुढची गोष्ट मननीय आहे. ऑगस्ट २००१ मध्ये एक्स्प्लोररची सहावी आवृत्ती निघाली. सातवी केव्हा? ऑक्टोबर २००६ मध्ये! मधली पाच वर्षे किरकोळ डागडुजीखेरीज काही झाले नाही. समोर जोडच उरली नाही म्हणजे पहिलवान तालमीत कशाला जाईल? पण चोरांनी काही सुट्टी घेतलेली नव्हती. २००४ च्या उन्हाळ्यात एक्स्प्लोररमधील भोकांतून हल्ले सुरू झाले, तेव्हा अमेरिकेच्या सरकारी संगणक-सुरक्षा पथकाने जे उपाय सुचविले त्यांत ‘दुसरा ब्राउझर वापरा’ हाही एक होता. जानेवारी २०१० मध्ये गूगलसह अनेक कंपन्यांवर झालेल्या हल्ल्यात याच एक्स्प्लोररचे एक भोक वापरले गेल्याचे उघड झाले, आणि जर्मनी व फ्रान्स येथील सरकारी यंत्रणांनी आपापल्या नागरिकांना तो तूर्त बाजूला ठेवण्याचा सल्ला दिला.

मग लोक तो सोडीत का नव्हते? कारण कचेऱ्यांनी आपले गाडे त्याला बांधून ठेवले होते. दक्षिण कोरियाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. तेथे बँकव्यवहाराच्या सुरक्षेसाठी जी सक्तीची व्यवस्था केली, ती एक्स्प्लोररच्या ‘ॲक्टिव्हएक्स’ या सोयीवर उभी राहिली. परिणाम असा की, सुरक्षेसाठी म्हणून केलेल्या नियमाने एका अख्ख्या देशाला वर्षानुवर्षे एकाच, आणि त्यातही असुरक्षित, ब्राउझरला जखडून ठेवले. त्या व्यवस्थेतील सरकारमान्य प्रमाणपत्रांचा विशेष दर्जा २०२० च्या डिसेंबरात संपला. आपल्याकडेही ‘हे संकेतस्थळ फक्त एक्स्प्लोररमध्येच पाहावे’ अशी पाटी लावून बसलेली ठिकाणे थोडी नव्हती. गुणपत्रके भरण्याचे असेच एक संकेतस्थळ आम्हां प्राध्यापकांच्या नशिबी होते. त्याच्या एकट्याच्या सोयीसाठी स्टाफरूममधला एक संगणक जुन्या अवस्थेत जपून ठेवावा लागे. अखेर १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने एक्स्प्लोररला रीतसर निवृत्त केले.

या हकिगतीचा बोध सरळ आहे. ब्राउझर चांगला की वाईट हे तो आज कसा आहे एवढ्यावर ठरत नाही. उद्या सकाळी त्याची काळजी कोण घेणार आणि किती तत्परतेने घेणार, यावर ठरते.

नावे अनेक, कुळे तीन

आता आजच्या उमेदवारांकडे वळू. क्रोम, एज, सफारी, फायरफॉक्स, ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी अशी नावे ऐकून निवडीला मोठा वाव आहे असे वाटते. पण नावे बाजूला सारून आतले यंत्र पाहिले तर कुळे मुख्यतः तीनच उरतात.

पहिले कूळ गूगलच्या क्रोमचे. क्रोम २ सप्टेंबर २००८ रोजी आला. त्याचे आतले यंत्र ‘क्रोमियम’ या नावाने सर्वांना खुले आहे, आणि ते घेऊन इतरांनी आपापले संसार थाटले आहेत. नॉर्वेच्या ऑपेराने २०१३ साली स्वतःचे यंत्र सोडून हेच घेतले. मायक्रोसॉफ्टच्या एजनेही जानेवारी २०२० मध्ये तेच केले. ब्रेव्ह आणि विवाल्डी तर जन्मापासून याच घरचे. दुसरे कूळ ॲपलच्या सफारीचे. त्याचे यंत्र ‘वेबकिट’. गंमत अशी की, क्रोमचे यंत्र २०१३ साली या वेबकिटपासूनच विभक्त झाले. म्हणजे ही दोन कुळे मुळात भाऊबंदच. तिसरे कूळ फायरफॉक्सचे. नेटस्केप बुडताना १९९८ साली त्याने आपली आज्ञावली जगाला खुली केली, तिच्यातून मोझिला ही संस्था उभी राहिली, आणि ९ नोव्हेंबर २००४ रोजी फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती निघाली. एक्स्प्लोररची झोप मोडली ती मुख्यतः या हाकेने.

आज जगातील सुमारे दोन-तृतीयांश वापर एकट्या क्रोमचा आहे. त्याच्या कुळातली बाकी मंडळी मिळविली तर पारडे आणखी झुकते. हा आकडा ध्यानात ठेवावा. त्याचे काम पुढे पडणार आहे.

पाहुण्याची खोली

सुरक्षिततेच्या बाबतीत क्रोमने आरंभीच एक मोठे काम केले, ते निर्विवाद आहे. पूर्वी उघडलेली सारी पाने एकाच खोलीत बसत. एकाने गोंधळ घातला की सगळे घर बसे. क्रोमने पानांना वेगवेगळ्या खोल्या दिल्या आणि प्रत्येक खोलीला बाहेरून कडी लावली. पाहुणा आत काय हवे ते करो, घराच्या बाकीच्या भागाला त्याचा हात लागू नये, ही त्यामागची कल्पना. २०१८ च्या जानेवारीत ‘स्पेक्टर’ नावाचा, संगणकाच्या प्रक्रियकातीलच, दोष जाहीर झाला, तेव्हा या भिंती आणखी पक्क्या करणे भाग पडले. क्रोमने त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र खोली दिली. फायरफॉक्सला तेवढीच व्यवस्था सर्वांपर्यंत पोहोचविण्यास २०२१ साल उजाडले. तीन वर्षांचे हे अंतर लहान नव्हे, आणि मोझिलाच्या चाहत्यांनी ते लपवू नये.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. क्रोमियमच्या अभियंत्यांनी २०२० साली आपल्या गंभीर दोषांचा हिशेब मांडला, तेव्हा सुमारे ७० टक्के दोष संगणकाच्या स्मृतीचा वापर चुकल्याने झालेले निघाले. म्हणजे दोष माणसांच्या बुद्धीत कमी आणि ज्या भाषेत आज्ञावली लिहिली त्या भाषेत अधिक. या दोषांना मुळातच थारा देणार नाही अशी ‘रस्ट’ ही भाषा मोझिलाच्या आश्रयाने वाढली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१५ साली आली. फायरफॉक्सने तिचा उपयोग आधी केला. पुढे २०२३ च्या आरंभी क्रोमियमनेही तिला दार उघडले. एकाची भिंत दुसऱ्याने उचलली, दुसऱ्याची भाषा पहिल्याने घेतली. स्पर्धेचा लाभ म्हणतात तो हाच.

तेव्हा ‘कोणता ब्राउझर अभेद्य?’ या प्रश्नाला ‘कोणताही नाही’ हेच खरे उत्तर आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये याचा दाखलाच मिळाला. ‘वेबपी’ या प्रकारची चित्रे उलगडणाऱ्या एका लहानशा सामायिक आज्ञासंग्रहात गंभीर दोष सापडला, आणि चोर त्याचा उपयोग करूही लागले होते. तो संग्रह क्रोममध्ये होता, एजमध्ये होता, ब्रेव्हमध्ये होता आणि फायरफॉक्समध्येही होता. एक बनावट चित्र पाहिले की घात! पण प्रमुख ब्राउझरांची दुरुस्ती काही दिवसांतच निघाली. ज्यांनी ती लगेच घेतली ते सुटले. ज्यांनी ‘उद्या पाहू’ म्हटले त्यांचे दार तेवढे दिवस उघडे राहिले.

ठिगळ आणि मुहूर्त

अपडेट म्हणजे नव्या चकाकीचा सोस, अशी पुष्कळांची समजूत आहे. बटण इकडचे तिकडे गेले की चिडायला होते हे खरे, पण अपडेटचे मुख्य काम ठिगळ लावण्याचे असते. आणि येथे एक विलक्षण गोष्ट आहे. क्रोमियम व फायरफॉक्स यांची आज्ञावली सर्वांना खुली असल्याने, दुरुस्ती झाली की कोठे काय दुरुस्त झाले हे चोरांनाही वाचता येते. ठिगळ कोठे लावले ते पाहून भोक कोठे होते हे ओळखणे त्यांना अवघड नसते. म्हणून दुरुस्ती तयार झाल्यापासून ती आपल्या यंत्रात पोहोचेपर्यंतचे दिवस सर्वांत धोक्याचे. हे अंतर कमी करण्यासाठीच क्रोमने मोठ्या आवृत्त्यांची मुदत २०१० साली सहा आठवड्यांवर व २०२१ साली चार आठवड्यांवर आणली, आणि ऑगस्ट २०२३ पासून सुरक्षेची ठिगळे दर आठवड्यास देण्यास आरंभ केला. फायरफॉक्सनेही २०२० साली चार आठवड्यांचा क्रम धरला; शिवाय ज्यांना वारंवार बदल नकोत अशा संस्थांसाठी सुमारे वर्षभर तीच राहणारी, फक्त ठिगळे घेणारी, निराळी आवृत्ती ठेवली. आमच्यासारख्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांना ती फार सोयीची.

क्रोमचे यंत्र उसने घेणाऱ्यांची परीक्षा येथेच होते. गूगलने ठिगळ काढले म्हणजे एज, ब्रेव्ह, ऑपेरा यांनी ते आपापल्या वस्त्राला तातडीने शिवले पाहिजे. नावाजलेली मंडळी हे चटकन करतात. पण अपरिचित नावाचा, ‘अति वेगवान’ म्हणून जाहिरात करणारा एखादा ब्राउझर ते केव्हा करील याची हमी कोण देणार? त्याच्या वाटेला न जाणे बरे.

सफारीची रीत निराळी. त्याची दुरुस्ती बहुतांशी ॲपलच्या यंत्राच्या मूळ प्रणालीबरोबर येते. फोन नवा असेल तर हरकत नाही. पण ज्या फोनला ॲपलने नवी प्रणाली देणे बंद केले, त्याचा सफारीही मागे पडतो. आणि आयफोनवर क्रोम किंवा फायरफॉक्स घेतला तरी आत यंत्र वेबकिटचेच असते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून तेथे सवलत मिळाली. आपल्याकडे मात्र पाटी बदलली तरी दुकान तेच. ॲन्ड्रॉइडवर तशी अडचण नाही. तेथे प्रणाली थोडी जुनी असली तरी ब्राउझर प्ले स्टोअरमधून स्वतंत्रपणे नवा होत राहतो.

जुन्या संगणकांची कथा करुण आहे. विंडोज ७ व ८ यांवर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ वी. ती जानेवारी २०२३ मध्ये निघाली. फायरफॉक्सने आपली ११५ वी आवृत्ती त्या यंत्रांसाठी त्यानंतरही दीर्घकाळ सांभाळली, हे त्याचे औदार्य. विंडोज १० चा सर्वसाधारण आधारही १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्याच्या खालची जमीनच खचली त्या द्वारपालाने कितीही डोळ्यांत तेल घालावे!

आणखी एक साधी बाब. अपडेट उतरून घेतले म्हणजे लागू झाले असे नव्हे. ब्राउझर बंद करून पुन्हा उघडावा लागतो. चाळीस पाने महिनोन्‌महिने उघडी ठेवणाऱ्या माणसाच्या घरी ठिगळ दारात येऊन ताटकळत बसते.

मालक कोण?

द्वारपाल जागा आहे हे ठरले. पण तो पगार कोणाचा खातो? या प्रश्नावर मात्र उमेदवारांत खरा फरक पडतो. आपण एका संकेतस्थळावर साडी पाहावी आणि दुसऱ्या संकेतस्थळावर तीच साडी आपल्या मागे लागावी, हा अनुभव कोणाला नाही? ही पाळत बव्हंशी तिऱ्हाइतांच्या ‘कुकी’ नामक खुणेच्या चिठ्ठ्यांमुळे ठेवता येते. सफारीने २०१७ पासून त्यांना आळा घातला व मार्च २०२० मध्ये त्या सरसकट बंद केल्या. फायरफॉक्सने जून २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या चिठ्ठ्यांचा डबाच वेगळा केला. क्रोमने जानेवारी २०२० मध्ये दोन वर्षांचा वायदा केला, तो पुनःपुन्हा पुढे ढकलला, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच सोडून दिला. ज्या कंपनीची चूल जाहिरातीवर पेटते तिने जाहिरातीच्या सरपणावर पाणी ओतावे अशी अपेक्षाच मुळी भोळी होती.

जाहिराती गाळणाऱ्या ‘यूब्लॉक ओरिजिन’ या जोडसाधनाचेही तेच झाले. क्रोमने जोडसाधनांचे नियम बदलले आणि २०२४-२५ मध्ये ते तेथून बाद झाले. नवे नियम सुरक्षेसाठी आहेत असे गूगलचे म्हणणे. ते सर्वस्वी खोटे नव्हे, कारण जोडसाधनांतून दगे झालेले आहेत. ‘ग्रेट सस्पेंडर’ नावाचे लोकप्रिय साधन २०२० साली नव्या मालकाकडे गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये घातक म्हणून गूगलला ते काढून टाकावे लागले. फायरफॉक्सने मात्र नवे नियम घेऊनही जुन्यांना जागा ठेवली, म्हणून ते गाळणीसाधन तेथे पूर्वीसारखे चालते.

याचा अर्थ इतर सारे धुतल्या तांदळासारखे आहेत असे नव्हे. सफारीत शोधासाठी गूगलच पुढे राहावे म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात सुमारे २० अब्ज डॉलर दिल्याचे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. मोझिलाचे बहुतेक उत्पन्नही अशाच करारातून, गूगलकडूनच येते. धाकट्या पहिलवानाचा खुराक थोरल्या पहिलवानाच्या कोठीतून यावा, ही स्थिती काही निरोगी नाही. त्याच खटल्यात ऑगस्ट २०२४ मध्ये गूगलची शोधक्षेत्रातील मक्तेदारी बेकायदा ठरली. परंतु क्रोम विकावयास लावण्याची मागणी न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये अमान्य केली.

जाता जाता ‘खाजगी खिडकी’विषयी. तिच्यामुळे पाहिलेल्या पानांची नोंद घरातल्या संगणकात राहत नाही, इतकेच. संकेतस्थळाला, कचेरीच्या जाळ्याला वा सेवा देणाऱ्या कंपनीला आपण दिसतोच. ती चोरदरवाजा नव्हे, नुसता पडदा आहे.

‘ख’ आणि ‘रव’

हा भाग माझ्या विषयाचा, म्हणून थोडा विस्तार करतो. जुन्या वळणाचा ‘ख’ हा ‘रव’ असा वाचला जाई आणि अर्थाचे अनर्थ होत, हे आपण जाणतोच. तीच गंमत चोरांनी जागतिक केली. रशियन लिपीतील काही अक्षरे रोमन अक्षरांसारखी हुबेहूब दिसतात. एप्रिल २०१७ मध्ये एका संशोधकाने अशी अक्षरे जुळवून ॲपलच्या पत्त्यासारखाच दिसणारा निराळा पत्ता नोंदविला आणि क्रोम व फायरफॉक्स या दोघांनाही चकविले. क्रोमने लगेच नियम बदलून असा पत्ता उघड्या, अगम्य रूपात दाखविण्यास सुरुवात केली. फायरफॉक्सने त्या वेळी निराळी भूमिका घेतली: सर्व लिप्यांना समान वागणूक मिळावी, आणि फसवे पत्ते नोंदविणाऱ्यांना नोंदणीखात्याने अडवावे.

वापरणाऱ्याच्या सुरक्षेच्या दृष्टीने क्रोमची तत्परता बरी, असे माझे मत आहे. पण फायरफॉक्सच्या म्हणण्यातही तथ्य आहे. २०१४ पासून ‘.भारत’ हे देवनागरी पत्ते मिळू लागले आहेत. रोमन नाही ते सारे संशयास्पद, अशी ब्राउझरांची दृष्टी झाली तर मराठी पत्त्याला प्रत्येक वेशीवर ओळखपत्र दाखवीत बसावे लागेल.

कुलपाच्या चित्रावरही भिस्त ठेवू नये. त्याचा अर्थ वाटेत कोणी चोरून वाचू शकत नाही एवढाच. समोरचा सज्जन आहे असा नव्हे. भामटाही आज आपल्या दाराला कुलूप लावतो. लोकांचा हा गैरसमज होतो म्हणूनच क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये ते चित्र काढून टाकले. उपाय सोपा आहे: परवलीचे शब्द ब्राउझरच्या किंवा दुसऱ्या विश्वासू साधनाच्या वहीत जपून ठेवावे. आपला डोळा ‘ख’ आणि ‘रव’ यांत फसेल, ती वही फसत नाही. पत्ता नेमका तोच नसेल तर ती शब्द पुढे करीतच नाही. तिने हात आखडता घेतला की आपणही थांबावे.

मग ठेवावा कोणता?

बँक, कर, प्रवेश असल्या कामांसाठी क्रोम, एज किंवा फायरफॉक्स यांपैकी कोणताही चालेल. अट एकच, तो आणि त्याच्याखालची प्रणाली दोन्ही ताजी असावीत. आपले वाचन आपल्यापुरते राहावे असे वाटत असेल तर फायरफॉक्स आणि त्यात एक चांगले गाळणीसाधन ही जोडी मला सर्वांत समाधानकारक वाटली. क्रोमच्याच चालीचा पण पाळतीला आळा घालणारा हवा असेल तर ब्रेव्ह आहे. आयफोनवाल्यांनी सफारी खुशाल वापरावा आणि फोनची प्रणाली नवी ठेवावी. जुना संगणक टाकवत नसेल तर त्याच्यावर लिनक्स घालून फायरफॉक्स वापरता येतो. तेवढी खटपट जमत नसेल तर निदान पैशाचे व्यवहार त्यावर करू नयेत. जोडसाधने मोजकी ठेवावी. महिन्यातून एकदा यादीतल्या ‘मदत’मध्ये जाऊन ब्राउझरविषयीची माहिती उघडावी, अपडेट राहिले असेल तर तेथेच कळते.

२०२५ पासून एक नवा उमेदवार दारात उभा आहे: पान स्वतः वाचणारा, आपल्या वतीने फॉर्म भरणारा, खरेदी करणारा बुद्धिमान ब्राउझर. पानात दडविलेला मजकूर मालकाची आज्ञा समजून हा सेवक भलतेच करून बसू शकतो, हे त्याच वर्षी संशोधकांनी दाखवून दिले. तो पुरता शिकेपर्यंत त्याच्या हाती तिजोरीची किल्ली देऊ नये.

शेवटी एक विनंती. घरात दुसऱ्या कुळाचाही एक ब्राउझर असू द्यावा आणि अधूनमधून वापरावा. २००१ ते २००६ ही पाच वर्षे जगाला भोवली, कारण तेव्हा निवड नावापुरतीच उरली होती. आज तीन कुळे आहेत, त्यांतले एक फार बलाढ्य आणि एक फार अशक्त. संकेतस्थळे बांधणारे लोक ज्याला मागणी त्याच्याचपुरते बांधतात. म्हणजे तिसऱ्या कुळाचे आयुष्य सरकारच्या वा न्यायालयाच्या हाती जितके आहे, तितकेच तुमच्याआमच्या रोजच्या वापराच्या हाती आहे. त्याला दिवसातून अर्धा तास काम देणे हे काही दानधर्मात मोडत नाही. थोरल्याने पुन्हा झोपू नये, म्हणून शेजारी एक जागा माणूस ठेवण्याचा तो व्यवहार आहे.